सोळा ग्रॅमचं विमान

बाल्सा लाकडाचं विमान करायला बसलं की दोन दिवसांत लक्षात येतं, विमान म्हणजे पंख. बाकीचं सगळं त्या पंखाच्या सोयीसाठी असतं. धड म्हणजे चार काड्या, शेपूट म्हणजे पत्त्याएवढा पातळ तुकडा. ते एका संध्याकाळी होऊन जातं. पंखाला मात्र आठवडा लागतो. नातवाच्या किटमधून आलेला मोठा नकाशा आमच्या जेवणाच्या टेबलावर टाचण्यांनी ठोकला गेला आणि दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस आम्ही खाली पंगत मांडून जेवलो! माझ्याकडे फासळ्या मोजून देण्याचं आणि पॉलिश पेपर फाडून देण्याचं काम होतं. पण जन्मभर इतिहास शिकवलेला. प्रत्येक तुकडा हातात आला की "हे कोणाला पहिल्यांदा सुचलं असेल?" हा किडा काही गप्प बसू देईना. मग वाचत गेले. त्या वाचनात एक माणूस भेटला. त्याच्याविषयी आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पंख कसा होतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नकाशावर मेणकागद पसरायचा, नाहीतर पंख नकाशालाच चिकटतो. त्यावर मागच्या कडेची पट्टी आणि मधला कणा टाचण्यांनी बसवायचा. याला स्पार म्हणतात. मग पातळ फळीतून कापलेल्या फासळ्या एकेक करून उभ्या लावायच्या. माशाच्या काट्यासारखं दिसायला लागतं. प्रत्येक फासळी वरून फुगीर, खालून जवळजवळ सपाट. पुढे पुढची कड चिकटवायची. सांगाडा वाळला की वरून जपानी टिशू कागद चढवायचा, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. ओला कागद लोंबतो आणि आपल्या पोटात गोळा येतो, पण वाळताना तो असा ताणला जातो की बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. शेवटी डोप नावाचं पातळ, उग्र वासाचं रोगण. त्याने कागदाची छिद्रं बुजतात. हे ज्या दिवशी चाललं होतं त्या दिवशी सूनबाईंनी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

पतंग करणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. कामट्या, कागद आणि खळ. फरक एवढाच की पतंगाला दोरी असते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, तो ढील देतो, खेचतो, सांभाळतो. खऱ्या विमानातही माणूस असतो. या कागदी विमानात कोणीच नाही. ते हातातून सुटलं की सुटलं. वाऱ्याची झुळूक आली, एक बाजू कलली, नाक वर गेलं, तर सावरायला आत कोण बसलंय? ज्याने त्यानेच सावरायचं. म्हणजे सावरण्याची अक्कल पंखाच्या आकारातच घालून ठेवायला हवी. ती कशी घालायची हे ज्याने नीट सोडवलं तो माझा माणूस.

त्याच्याही आधी एक इंग्रज सरदार होता, सर जॉर्ज केली. यॉर्कशायरमधल्या ब्रॉम्प्टन गावचा. पक्ष्याचा पंख उचलण्याचं आणि पुढे ढकलण्याचं अशी दोन्ही कामं करतो, म्हणून पंख फडफडवत उडायचा नाद लोकांना लागला होता. केलीने ही दोन कामं वेगळी केली. पंख स्थिर ठेवा, पुढे ढकलायला दुसरं काही शोधा. १७९९ साली त्याने हा विचार चांदीच्या एका छोट्या चकतीवर कोरून ठेवला. १८०४ मध्ये त्याने एका काठीवर पतंग तिरका बांधला, मागे फुलीसारखी शेपूट लावली आणि ते टेकडीवरून सोडून दिलं. स्थिर पंख आणि मागे शेपूट या अर्थाने आजच्या विमानाचा आकार तिथे पहिल्यांदा दिसतो. पंख मधून किंचित मोडून टोकं वर उचलली तर विमान आडवं कलंडत नाही, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. आजचे मॉडेल करणारे याला डायहेड्रल म्हणतात. आमच्या टेबलावर यासाठी पंखाचे दोन भाग मध्ये जोडताना एका टोकाखाली काड्यापेटी ठेवली होती. विमान एका बाजूला कललं की ते त्याच बाजूला घसरू लागतं. तेव्हा खालच्या पंखाला हवा जास्त तिरकी लागते, त्याचा उचल वाढतो आणि तो वर येतो. एवढी साधी गोष्ट.

आता माझा माणूस. आल्फाँस पेनो. पॅरिसचा, जन्म १८५०. वडील आरमारात ॲडमिरल. मुलानेही आरमारात जायचं हे ठरलेलंच होतं, पण लहानपणीच खुब्याचा आजार जडला आणि ते दार बंद झालं. चालायचं तर आधार घेऊन. समुद्र नाही तर आकाश, असं त्याने ठरवलं असेल का? कोण जाणे. विशीच्या आसपास तो उडणाऱ्या छोट्या यंत्रांच्या मागे लागला हे मात्र खरं.

त्याची मोठी कल्पना रबराची होती. व्हल्कनाइज्ड रबराचं पेटंट गुडइयरने १८४४ मध्ये घेतलं होतं. त्यानंतर टिकाऊ रबर सर्वत्र मिळू लागलं होतं, पण ते ताणून सोडायचं हेच लोकांना माहीत. पेनोने ते पिळलं. पिळलेल्या रबरात ताकद साठते आणि ती सावकाश, एकसारखी बाहेर येते. १८७० मध्ये त्याने यावर चालणारं छोटं हेलिकॉप्टर केलं, वर एक पंखा, खाली एक पंखा, दोन्ही उलट दिशांनी फिरणारे. अशी खेळणी आधीही होती, फ्रान्समध्ये लोनुआ आणि बिएनव्हेन्यू या दोघांनी १७८४ साली धनुष्याच्या दोरीवर चालणारं केलं होतं आणि केलीनेही त्याची नक्कल केली होती. आपल्या जत्रेत दोन तळहातांत काडी फिरवून सोडायची ती भिरभिरी याच गोत्रातली. पण पिळलेल्या रबराने त्याला दम आला.

पुढच्या वर्षी विमान. १८७१ चं पॅरिस म्हणजे काय होतं ते आठवा. आम्ही हे दहावीच्या वर्गात अर्ध्या तासिकेत उरकत असू. प्रशियाचा वेढा, उपासमार, वेढ्यातून टपाल घेऊन निघणारे फुगे, मग पॅरिस कम्यून आणि मे महिन्यातला रक्तपात. त्याच मे महिन्यात तुइलरीचा राजवाडा जळाला. त्याच्या काळ्या भिंती पुढे दहा-बारा वर्षं तशाच उभ्या होत्या. त्या राजवाड्याच्या बागेत, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, हवाई विद्येच्या मंडळातल्या काही लोकांसमोर एकवीस वर्षांच्या या मुलाने आपलं विमान सोडलं. नाव प्लानोफोर. पंखाची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे आपली शाळेची फूटपट्टी आणि वर अर्धी. वजन सोळा ग्रॅम. पंखाची टोकं वर वळवलेली, पंखा मागच्या बाजूला, आणि शेपूट पंखापेक्षा किंचित खाली झुकवलेली. ते दहा-बारा सेकंद उडालं.

दहा-बारा सेकंद! हसू येईल कोणाला. पण तोवर पंखाचं कुठलंही यंत्र स्वतःच्या बळावर असं तोल सांभाळत उडालेलं नव्हतं. गंमत त्या झुकवलेल्या शेपटीत आहे. नाक खाली गेलं की विमानाचा वेग वाढतो, शेपटीवरचा खालचा दाब वाढतो आणि शेपूट खाली दबून नाक वर येतं. नाक फार वर गेलं की उलट. बागेतल्या सी-सॉसारखं. पेनोने हे नुसतं करून दाखवलं नाही, का होतं तेही मांडलं. आमच्या किटच्या सूचनापत्रात पंख बसवण्याचा कोन आणि शेपटीचा कोन वेगळा ठेवा, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. कोणाचं आहे ते लिहिलेलं नव्हतं. सूचनापत्रात ते लिहायची पद्धत नसते.

पेनोला यापुढे जायचं होतं. १८७६ साली त्याने पॉल गोशो या मेकॅनिकबरोबर एका मोठ्या विमानाचं पेटंट घेतलं. दोन माणसं बसतील असं, पाण्यावरही उतरू शकेल असं. दोन पंखे, काचेची छपरी, आत ओढून घेता येणारी चाकं, आणि शेपटीच्या दोन्ही प्रकारच्या सुकाणूंसाठी एकच दांडा. १८७६! त्या वेळी मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम नुकती दोन वर्षांची झाली होती. त्याच्या कागदावर जे होतं त्यातलं पुष्कळसं प्रत्यक्षात यायला पुढे चाळीस-पन्नास वर्षं गेली. तेवढं हलकं इंजिन तेव्हा जगात नव्हतंच. आणि पैसाही मिळेना. लोकांनी टर उडवली. तब्येत ढासळत गेली. वाफेच्या इंजिनावर पहिलं हवाई जहाज चालवणारा आंरी जिफार तेव्हा श्रीमंत झालेला होता. त्याच्याकडे मदत मागून पाहिली, तीही मिळाली नाही. तेव्हा पेनोने आपले सगळे नकाशे एका छोट्या शवपेटीत घातले, ती पेटी जिफारच्या घरी पोचती केली आणि ऑक्टोबर १८८० मध्ये आत्महत्या केली. वय तीस.

(जिफारला दोष देऊन मोकळं व्हावं तर तेही जमत नाही. त्याची दृष्टी जात चालली होती आणि दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यानेही आपलं आयुष्य संपवलं.)

मी हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं म्हणजे काय हो! आमच्याकडे बी.एड. करून नोकरीत कायम व्हायचं वय. त्या शवपेटीची गोष्ट लिहिणारे बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण गोष्ट म्हणून ती तिथे पुरी होते. पण इतिहास तिथे पुरा होत नाही.

पेनोचं ते रबराचं हेलिकॉप्टर तोपर्यंत खेळणं म्हणून विकलं जाऊ लागलं होतं, फ्रान्समध्ये आणि समुद्रापलीकडेही. १८७८ साली, म्हणजे पेनो जिवंत असताना, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी मिल्टन राइट नावाच्या धर्मोपदेशकाने असं एक खेळणं घरी आणलं. बांबू, बूच आणि पातळ कागद. हाताच्या मुठीत लपवून आणलं आणि मुलांच्या दिशेने हवेत सोडलं. ते खाली पडण्याऐवजी छताला जाऊन थडकलं. थोरला विल्बर अकरा वर्षांचा, धाकटा ऑर्विल सात. योगायोगांवर माझा फारसा विश्वास नाही, पण तारखा पाहिल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं: ऑर्विलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ चा. तुइलरीच्या बागेत प्लानोफोर उडालं त्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

पोरांनी त्या खेळण्याचं नाव ठेवलं वटवाघूळ. ते मोडल्यावर त्यांनी स्वतः तसं केलं, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं. मोठी काही उडेनात. का, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. हे सातवीच्या गणिताने सांगता येतं. प्रत्येक माप दुप्पट केलं की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. म्हणून चिमणीचा सांगाडा मोठा करून गिधाड होत नाही. याच सुमारास ऑर्विलच्या शाळेतल्या बाईंना तो बाकावर लाकडाच्या तुकड्यांशी काहीतरी करताना दिसला. काय चाललंय विचारल्यावर त्याने सांगितलं की मी आणि माझा भाऊ पुढे कधीतरी उडणार आहोत त्या यंत्राचं काम चाललंय. या बाईंना ते मोठेपणी आठवत होतं, म्हणजे त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. माझ्या चाळीसएक वर्षांच्या नोकरीत मी जप्तीच्या वस्तूंनी भरलेली अनेक कपाटं पाहिली. गोट्या, भोवरे, भिंगं, रबरबँडची चाकं लावलेल्या काड्यापेट्या. त्या बाईंचं नाव आयडा पामर. हे नाव मुद्दाम लिहिते आहे, शिक्षकांनी वाचावं म्हणून.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मे १८९९ मध्ये विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीची पुस्तकं मागवली. त्या पत्रात त्याने सांगितलं आहे की लहानपणी आपण केली आणि पेनोच्या यंत्रांच्या धर्तीवर लहानमोठी वटवाघळं केली होती. पेनोला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. शवपेटीतले नकाशे वाया गेले, पण खेळण्याबरोबर नाव पोचलं.

इथे एक वळण आहे आणि मला ते फार आवडतं. मॉडेलच्या पंखाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पीळ. कागद वाळताना एका बाजूने जास्त ताणला गेला की पंखाचं एक टोक वर मुरडतं. दिसायला केसभर, पण विमान गिरक्या घेत जमिनीत घुसतं. आमच्या डाव्या पंखाला तो आलाच होता, मग चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून, उलटा मुरडून, टाचण्या लावून रात्रभर ठेवला तेव्हा गेला. राइट बंधूंनी हाच पीळ हत्यार म्हणून वापरला. १८९९ च्या उन्हाळ्यात सायकलच्या ट्यूबचा रिकामा लांबट खोका हातात पिळताना विल्बरच्या लक्षात आलं, की असा पंख मुद्दाम मुरडला तर एक बाजू उचलता येते आणि दुसरी खाली दाबता येते. पेनोने विमान आपोआप सावरेल असं केलं होतं. राइट बंधूंनी ठरवलं की सावरणं माणसाने करायचं. १९०३ च्या त्यांच्या विमानाची टोकं तर वर नव्हे, थोडी खालीच झुकवलेली होती. ते सायकलवाले होते ना! सायकल आपोआप उभी राहत नाही. चालवणाऱ्याने तिला उभी ठेवायची असते. सध्याच्या प्रवासी विमानात दोन्ही आहेत, पेनोचा वर उचललेला पंख आणि झुकवलेली शेपूट, आणि राइटांचं हातातलं नियंत्रण.

फासळीच्या फुगवट्याचाही इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या ओट्टो लिलिएंथालने करकोचे न्याहाळून वक्र पंखांची मापं १८८९ च्या पुस्तकात दिली, सुमारे दोन हजार वेळा टेकडीवरून तरंगत उतरला आणि १८९६ मध्ये त्यातच पडून गेला. राइटांनी त्याचे आकडे घेऊन ग्लायडर केलं. अपेक्षेच्या तुलनेत ते फारच कमी वजन उचलेना. मग १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी सहा फुटी लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पत्र्याचे बोटबोटभर पंख टांगून मापायला सुरुवात केली. तराजू कशाचा? करवतीची पाती आणि सायकलच्या तारा. जवळजवळ दोनशे आकार तपासले. पुन्हा पाहा, खेळण्याएवढेच पंख. १७ डिसेंबर १९०३ ला बारा सेकंद उडालेला सुमारे बारा मीटरचा पंख आधी त्या पेटीत वितीपेक्षा लहान होता. त्याच्या फासळ्या लाकडाच्या आणि वरून शिवलेलं साधं सुती मलमल.

बाल्सा या सगळ्यात नव्हतं. ते नंतर आलं. पहिल्या महायुद्धात बुचाची टंचाई झाली तेव्हा तरंगण्याच्या सामानासाठी या लाकडाची मागणी वाढली. मॉडेलवाल्यांच्या हाती ते सर्रास आलं १९२० च्या दशकाअखेर. बाल्सा हा स्पॅनिश शब्द, अर्थ तराफा. १९४७ मध्ये थॉर हायरडालने पेरूहून पॅसिफिक ओलांडला तो याच्याच नऊ ओंडक्यांवर. झाड मुख्यतः एक्वाडोरचं, सहा-दहा वर्षांत तोडणीला येतं. साग त्याच्या चौपट जड. आणि आपल्याला जवळचं वाटेल असं म्हणजे हे झाड काटेसावरीच्या कुळातलं, त्याच्याही शेंगेत तसाच रेशमी कापूस असतो. हल्ली ते पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यात घालतात. म्हणजे पुन्हा पंखच.

एवढं वाचून आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी तळपद्यांचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं ही गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे आणि ती खरी असावी असं मलाही वाटत आलं आहे. पण पडताळून पाहता येईल असा त्या काळातला पुरावा पुढे आलेला नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्राचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं दाखवलं. प्लानोफोर सोळा ग्रॅमचंच होतं, पण ते कोणासमोर उडालं, कोणत्या दिवशी उडालं आणि कसं करायचं हे लिहिलेलं आहे. आजही कोणीही करून उडवू शकतं. मुलांपुढे ठेवायला मला हे बरं वाटतं. ज्यांना राग आला असेल त्यांनी फोन करावा, आपण बोलू.

१९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेला. लहानपणी तोही मॉडेल विमानं करणारा, घराच्या तळघरात हवेचा बोगदा करून ती तपासणारा. अपोलो-११ मधून त्याने राइट विमानाच्या पंखाच्या कापडाचा आणि पंख्याच्या लाकडाचा तुकडा नेला होता. त्याच पंखाच्या कापडाचा टपालाच्या तिकिटाएवढा एक तुकडा पुढे मंगळावर गेला, इंजेन्यूइटी नावाच्या छोट्या हेलिकॉप्टरला बांधून. १९ एप्रिल २०२१ ला ते तिथल्या विरळ हवेत उडालं, आपल्या हवेच्या शंभराव्या भागाएवढ्या हवेत. वजन दोन किलोहूनही कमी. वर एक पंखा, खाली एक पंखा, दोन्ही उलट दिशांनी फिरणारे. बहात्तर उड्डाणं केली. जानेवारी २०२४ मध्ये उतरताना पाती मोडली. तेव्हापासून ते तिथेच उभं आहे, कापडाच्या तुकड्यासकट.